बादलीचा भाव

एक बादली पाणी घरात कितीला पडतं असं विचारलं, की माणूस आधी हसतो आणि मग पाणीपट्टीचा आकडा सांगतो. अश्लेषा बिडवेच्या मते तो आकडा म्हणजे शुद्ध थाप. टँकरवाल्याच्या हातावर ठेवलेल्या नोटा धरा, मोटरची वीज धरा, फिल्टर धरा, नळाची वाट बघत बुडालेली रोजंदारी धरा, आणि मग बोला. असा हिशेब मांडला की पुण्यातल्या बंगल्यात बादलीभर पाणी शेंगदाण्याच्या पुडीहून स्वस्त निघे, आणि तीच बादली मराठवाड्यातल्या एखाद्या चढावरच्या गल्लीत दुधाच्या पिशवीशी बरोबरी करी. ज्याच्या नळाला धार बारीक, त्याच्याच खिशाला चाट मोठी.

हे सगळ्यांना मोघम ठाऊक होतंच. पण ठाऊक असणं वेगळं आणि शहरामागून शहर घेऊन सिद्ध करणं वेगळं. अश्लेषानं उमेदीची वर्षं त्यात घातली होती. पुण्याच्या शहरपाणी तुलना केंद्रात ती मुख्य विश्लेषक होती. नव्या महाजलवाहिनीचं पाणी कुठल्या शहराला किती द्यायचं, हे तिनं मांडलेल्या ‘बादलीच्या भावा’वरून पाच वर्षांसाठी ठरणार होतं. जिथे बादली महाग तिथे पाणी जास्त, आणि जिथे पाण्याची नासाडी तिथे कात्री.

नासाडी ओळखायची कशी? त्यासाठी होता ‘कान’.

कान म्हणजे नळजोडणीवर बसणारं वाटीएवढं यंत्र. जुन्या घरात नळ झटकन बंद केला तर भिंतीतला पाइप ठक्‌ करतो, हे आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे. वाहतं पाणी अडलं की त्याला हिसका बसतो, आणि तो हिसका लाटेसारखा पाइपातून मागे धावत जातो. प्रत्येक नळाचा हिसका निराळा. मोरीतल्या तोटीचा जाडा, स्वयंपाकघरातल्या नळाचा नाजूक, संडासातल्या टाकीचा रेंगाळणारा. घरातली मोटर चालू झाली की तिची थरथरही पाइपात उतरते. कान हे हिसके ऐके, आणि शिकवलेल्या नावांशी ताडून सांगे, ही आंघोळ, ही भांडी, ही गळकी तोटी. घरात डोकावायची गरज नाही, कुणाला प्रश्न विचारायचे नाहीत. नावं मात्र माणसानंच शिकवायची. यंत्राला आवाज कळतो; त्या आवाजाचा अर्थ कुणीतरी सांगावा लागतो.

मांजरपूरच्या आवाजांना नावं देताना एक आवाज अडला.

केंद्राचे प्रमुख निशिकांत मोघे यांनी बैठकीत तो आलेख पडद्यावर लावला. मोघे सर सज्जन माणूस, आवाज कधी चढवत नसत. “हे बघा. नळाला पाणी येतं आणि त्याच वेळी माणसं मोटर लावून घरातला हौद उपसायला लागतात. नागपुरात असं नाही, इंदुरात नाही, चेन्नईत नाही. मांजरपुरात मात्र घरोघरी. अश्लेषा, तुमचंच गाव ना? काय भानगड आहे ही?”

अश्लेषा हसली. “सर, शिळं पाणी!”

“पाणी शिळं होतं?”

“आमच्याकडे होतं. नळ आला की कालचं पाणी ओतून द्यायचं आणि ताजं भरायचं. माझी आई रोज करायची. शेजारीपाजारी सगळ्याच करायच्या. दुष्काळ असो नाही तर काही असो, शिळं पाणी देवाला चालत नाही आणि पाहुण्यालाही चालत नाही.”

सगळे हसले. आपल्या गावाचा खास किस्सा आपल्यालाच ठाऊक असल्याची जी ऊब असते, ती अश्लेषाला तेव्हा वाटली. एका सहकाऱ्यानं विचारलंसुद्धा, “एकदा कुणी तिथे जाऊन बघून यायचं का?”

“मी तिथे जन्मले, वाढले,” अश्लेषा म्हणाली. “माझ्याहून कोण जास्त बघून येणार?”

उचलली जीभ, लावली टाळ्याला. तिनं तिथल्या तिथे त्या आवाजासमोर नाव टंकलं: ‘शिळं पाणी, नासाडी’. मग चहा आला.

तुलनेची यादी जाहीर झाली तेव्हा मांजरपूरची बादली राज्यात सर्वांत महागांपैकी निघाली. त्या हिशेबानं गावाला भरघोस पाणी मिळायला हवं होतं. पण नासाडीचा रकाना पाहिला तर तोही सर्वांत मोठा. घरात साठवलेल्या पाण्याचा तिसरा हिस्सा ही माणसं ओतून देतात, असं यंत्र सांगत होतं. गावाच्या वाट्याला कात्री लागली. वर आणखी एक नियम आला: पाणी चालू असताना कानाला ‘शिळं पाणी’ ऐकू आलं, की त्या घराच्या जोडणीवरची झडप आपोआप पडेल आणि पाण्याच्या त्या पाळीला पुन्हा उघडणार नाही. वर्तमानपत्रांना मथळा आयताच मिळाला, ‘घशाला कोरड, तरी ओतण्याची खोड’. अश्लेषानं तो वाचला, जरा वाईट वाटलं. पण चूक ती चूक, आपलं गाव म्हणून सूट कशी द्यायची, असं म्हणून तिनं मनाची समजूत घातली. आपण निःपक्षपाती आहोत याचं तिला थोडं कौतुकही वाटलं.

आईच्या पुण्यतिथीला ती मांजरपूरला गेली. आई जाऊन पाच वर्षं झाली होती आणि त्यानंतर अश्लेषाचं गावी जाणं दिवसभरापुरतं उरलं होतं. सकाळी यायचं, फोटोला हार घालायचा, जेवायचं आणि संध्याकाळच्या गाडीनं परत. दादा बीडला नोकरीला. घरात पद्मिनी वहिनी एकट्याच सगळं बघायच्या.

या वेळी अंगणात शिरताच तिला दोन काळ्या टाक्या दिसल्या, कोऱ्या करकरीत. दोन्हींच्या झाकणांना कुलपं.

“वहिनी, पाण्याला कुलूप?”

“सगळ्यांनीच लावलेत आता,” वहिनी म्हणाल्या आणि आत वळल्या.

जेवणं झाली तरी मेहरून आपा आल्या नाहीत. वरच्या गल्लीत राहणाऱ्या मेहरून आपा नगरपालिकेच्या शाळेतल्या जुन्या शिक्षिका. अश्लेषाला त्यांनीच पहिलीत अक्षरं गिरवायला शिकवली होती. आईची त्यांच्याशी अशी मैत्री, की आई गेल्यावर दर पुण्यतिथीला त्या यायच्या, फोटोसमोर काही न बोलता बसायच्या आणि वहिनींच्या हातची खीर खाऊन जायच्या.

“आपा का नाही आल्या?”

वहिनी खरकटी काढत होत्या. त्यांचा हात थांबला.

“कोणत्या तोंडानं बोलवू त्यांना?”

आणि मग वहिनींनी सांगितलं ते ऐकताना अश्लेषाला आपण खुर्चीत बसलोय की जमिनीत चाललोय, हे कळेनासं झालं.

शिळं पाणी ओतायची चाल गावात कधीची बंद पडली होती. पाणी रोज यायचं तेव्हाची ती मिजास. आता बारा-बारा दिवस नळ कोरडा, ओततंय कोण? पण पाळी ठरल्या दिवशी येईलच याचा भरवसा नव्हता, म्हणून प्रत्येक घर हौदाच्या तळाशी चार दिवसांचं पाणी राखून ठेवायचं. ते राखीव पाणी मोकळं कधी होणार? नळाला खरोखर धार लागेल तेव्हाच. खालच्या गल्लीची पाळी आधी आणि चढावरच्या गल्लीची त्यानंतर सहा दिवसांनी. म्हणून खालच्यांचं मोकळं झालेलं पाणी लगेच पाइप टाकून वरच्या गल्लीला द्यायचं. वरच्यांची पाळी आली की त्यांचं राखीव पाणी तसंच खाली यायचं. खालचं एक घर आणि वरचं एक घर अशा जोड्या ठरलेल्या. गावात त्यांना पाणसोयरे म्हणत. बारा दिवसांची ओढ अशी सहावर आली होती. कुठल्याही इंजिनिअरनं न आखलेली ही व्यवस्था अश्लेषानं आखली असती, तर तिला त्यावर बक्षीस मिळालं असतं.

बिडव्यांच्या घराच्या पाणसोयऱ्या होत्या मेहरून आपा.

“पण वहिनी, मोटर कशाला लावत होतात?” अश्लेषानं विचारलं. उत्तर तिला विचारता विचारताच कळलं होतं; तरी विचारलं.

“अहो ताई, चढावर पाणी आपणहून जातंय होय? वर चढवायला मोटर लागणारच की. गटारात ओतायचं असलं तर मोटर कोण लावतंय? तळाची तोटी सोडली की गेलं.”

एवढी साधी गोष्ट. पाणी खाली सांडायला मोटर लागत नाही. ती लागते ते वर कुणाला तरी द्यायला. द्रवगतिशास्त्राची पदवी घेतलेल्या बाईला हे सुचू नये? कानाला नासाडी कधी ऐकूच आली नव्हती, येणारही नव्हती, कारण हौदाच्या तळाची तोटी नळाच्या पाइपाला जोडलेलीच नसते, तिचा हिसका कानापर्यंत पोचत नाही. त्यानं ऐकलं होतं ते फक्त देणं. पाणी हौदातून निघालं एवढं त्याला कळायचं. ते गटारात पडलं की कुणाच्या घरात, हे सांगायचं काम अश्लेषाचं होतं, आणि तिनं सांगितलं होतं.

“नियम आला आणि शेजारच्या पाटणकरांची झडप पडली,” वहिनी सांगत होत्या. “बारा दिवस त्यांच्या घरात थेंब नाही. मग कुणाची छाती व्हायलीय? पुढच्या पाळीला आपा घागर घेऊन दारात आल्या. पाइप आला नाही म्हणून बघायला आल्या असतील. मी म्हणलं, आपा, टाकीत थेंब नाही. आणि ताई, तेवढ्यात नळाच्या जोरानंच गच्चीवरची टाकी भरून पन्हाळीतून धो धो वाहायला लागली. आपांनी वर बघितलं, माझ्याकडं बघितलं. ‘बरं बेटा’ म्हणल्या आणि रिकामी घागर घेऊन गेल्या. एक घागर हातानं दिली असती तर मशीनला काय कळणार होतं? पण तेव्हा काय ठाऊक? माणूस भ्यायलं की त्याचं डोकं चालत नाही.”

वहिनींनी पदरानं डोळे पुसले. “तुमची आई असती तर मला घरात घेतलं नसतं.”

अश्लेषा उरलेली ताटं उचलू लागली.

“कुण्या पुण्याच्या साहेबानं एसीत बसून ठरवलं असंल हे,” वहिनी म्हणाल्या. “मी सगळ्यांना सांगते, आमच्या ताई त्याच खात्यात हायेत. त्यांच्या कानावर असतं तर त्यांनी होऊ दिलं असतं का? नसतं ना दिलं, ताई?”

“नाही,” अश्लेषा म्हणाली.

त्या एका शब्दानं तिला परतीच्या वाटेवर डोळ्याला डोळा लागू दिला नाही. आधीची चूक अज्ञानातली होती, असं म्हणता आलं असतं. हे ‘नाही’ मात्र जाणूनबुजून होतं.

दुसऱ्याच दिवशी तिनं मोघे सरांना सगळं सांगितलं. सरांनी शेवटपर्यंत ऐकलं, चष्मा काढून पुसला.

“दुरुस्त करा,” ते म्हणाले. “आजच. त्या आवाजाचं नाव काढून टाका, झडपेचा नियम त्या आवाजाला लागू होणार नाही असं बघू. सुधारित यादी काढू, तीत मांजरपूरची कात्रीही निघेल.”

“आणि जाहीर?”

“जाहीर काय करणार? की एक नाव आम्ही अंदाजपंचे दिलं होतं? उद्या प्रत्येक शहर म्हणेल आमचंही चुकलंय. ज्यांच्याकडे भरपूर पाणी आहे ते तर वाटच बघतायत. गरिबाची बादली महाग असते हे आपण पहिल्यांदा सिद्ध केलंय. तुमच्या एका कबुलीपायी ते सगळं पाण्यात जाईल. गावाला पाणी मिळाल्याशी मतलब, नाही का?”

सरांचं म्हणणं खोटं नव्हतं, आणि तीच तर पंचाईत. ते साफ खोटं असतं तर अश्लेषाला नाही म्हणता आलं असतं. अर्धं खरं होतं म्हणून तिला त्याच्या आडोशाला उभं राहता आलं. तिनं नाव बदललं. ‘शिळं पाणी’ पुसून ‘उसनं’ लिहिलं. झडपा पडायच्या थांबल्या. सुधारित यादीत मांजरपूरची कात्री निघाली आणि तळटिपेत ‘तांत्रिक सुधारणा’ एवढे दोनच शब्द आले. चार दिवस तिला हलकं वाटलं.

मग तिला एक नाद लागला. मांजरपूरची पाळी आली की ती कानांचे आकडे उघडून बसायची आणि ‘उसनं’ या नावापुढे काय येतंय ते बघायची. पहिल्या पाळीला शून्य आलं. लोकांना अजून कळलं नसेल, ती म्हणाली. दुसऱ्या पाळीलाही शून्य. पावसाळा सरला, थंडी आली, तरी त्या रकान्यात शून्याखेरीज काही उमटेना. पूर्वी जो आवाज घरोघरी येत होता, ज्याला तिनं नासाडी म्हटलं होतं, तो सगळ्या गावातून नाहीसा झाला होता. टँकरवर होणारा खर्च मात्र वाढला होता. तिच्याच तक्त्यात मांजरपूरची बादली आणखी महागली होती.

तिनं वहिनींना फोन केला. “आता मोटर लावली तरी झडप पडत नाही ना, वहिनी?”

“काय की बाई,” वहिनी म्हणाल्या. “कोण लावून बघणार?”

तेव्हा कुठे तिच्या डोक्यात उजेड पडला. यंत्राला तिनं सांगितलं होतं; माणसांना कुणीच सांगितलं नव्हतं. मांजरपूरला अजून वाटत होतं की यंत्राच्या लेखी चोर आपणच.

पुढच्या पाळीच्या सकाळी ती मांजरपुरात होती. घरात शिरली तेव्हा नळाला नुकती धार लागली होती आणि वहिनी अंगणात वाकून टाकीच्या तळाची तोटी सोडत होत्या. राखलेलं पाणी फरशीवरून पसरलं, उंबऱ्याखालच्या भोकातून बाहेर पडलं आणि गटाराला लागलं.

“वहिनी, हे काय करायलात?”

“टाकी मोकळी करायलेय, ताजं भरायचंय. हे चार दिवसांचं, शिळं. कुणाला द्यायचं आता?”

अश्लेषानं वाकून तोटी बंद केली. हात ओले झाले, ते तिनं साडीलाही पुसले नाहीत. आणि तिथेच, टाकीला टेकून, तिनं सांगून टाकलं. तो आवाज, ती बैठक, आपण हसलो ते, आपण टंकलं ते. कुणी पुण्याचा साहेब नव्हता. आणि तुम्ही विचारलंत तेव्हा मी नाही म्हणाले, तेही खोटं होतं. चूक सहा महिन्यांपूर्वीच दुरुस्त झालीय, फक्त तुम्हाला सांगायची माझी हिंमत झाली नाही.

वहिनी तोटीपाशीच खाली बसल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

“म्हणजे मी आपांशी खोटं बोलले,” त्या म्हणाल्या, “ते काही गरज नसताना?”

“वहिनी, माझं चुकलं.”

“तुमचं चुकलं ते तुम्ही मशीनमध्ये दुरुस्त केलंत. माझं कशात करायचं?”

अश्लेषानं माळ्यावरून जुना पाइप काढला, त्याचं एक टोक मोटरला जोडलं आणि दुसरं खांद्यावर घेऊन मागच्या भिंतीवरून टाकलं. “मी वर जाते. आपांना सांगते. त्या हो म्हणाल्या की हाक मारते, मग मोटर लावा.”

“जावा,” वहिनी म्हणाल्या.

चढ जेमतेम दहा-बारा घरांचा. पण हातात पाइपाचं तोंड धरून तो चढताना अश्लेषाला धाप लागली. दारं किलकिली होत होती आणि पाइप बघून पुन्हा लागत होती.

मेहरून आपा दारातच तांदूळ निवडत बसल्या होत्या. वाळल्या होत्या. त्यांनी अश्लेषाला ओळखलं, बस म्हणाल्या. अश्लेषा बसली नाही. उभ्यानंच तिनं सगळं पुन्हा सांगितलं, आणि या वेळी अडखळत सांगितलं, कारण पहिलीतल्या बाईंसमोर कुणालाही धड बोलता येत नाही.

“तुला ठाऊक नव्हतं,” आपा म्हणाल्या, “तर ‘ठाऊक नाही’ असं का नाही म्हणालीस?”

“मला वाटलं, मला ठाऊक आहे.”

“आणि ठाऊक झालं त्यानंतर?”

अश्लेषानं मान खाली घातली. तिला लाज वाटत होती. लपवायला जागा नव्हती आणि लपवावी असंही आता वाटत नव्हतं.

“आपा, वहिनी खाली मोटरपाशी उभ्या आहेत. तुमच्या हौदात पाणी सोडायचंय. तुम्ही फक्त हो म्हणा.”

आपांनी तिच्या हातातल्या पाइपाकडे पाहिलं. “पूर्वी मला कुणी विचारत नव्हतं बेटा. पाइप भिंतीवरून यायचा, मी झाकण काढायची. माझी पाळी आली की मी खाली सोडायची. विचारून देतात ते दान. दान घ्यायची वेळ अजून माझ्यावर आलेली नाही.”

“तसं नाही आपा...”

“खाली ठेव तो पाइप.”

अश्लेषा ठेवणार तेवढ्यात पाइपानं हातातच उसळी मारली. खाली वहिनींनी कुणाच्या होकाराची वाट न बघता मोटर लावली होती. पाण्याचा लोट आपांच्या उंबऱ्यावर, तांदळाच्या सुपावर, अश्लेषाच्या पायांवर पडला.

“अगं, अगं, वाया चाललंय!” आपा तटकन उठल्या. गुडघ्यांचं दुखणं विसरून आत धावल्या, हौदाचं झाकण सरकवलं, पाइपाचं तोंड अश्लेषाच्या हातातून जवळजवळ हिसकावून घेतलं आणि हौदात सोडलं. मग भिंतीशी जाऊन खालच्या अंगणाकडे तोंड करून त्या मोठ्यानं ओरडल्या, “पद्मिनी! हळू सोड ग, पाइप फाटंल!”

मग मोटरचा आवाज थोडा उतरला.

आपा परत आल्या, ओल्या सुपातले तांदूळ परातीत पसरू लागल्या. अश्लेषाकडे त्यांनी पाहिलं नाही.

“मी आज वर्तमानपत्राला लिहून देणार आहे,” अश्लेषा म्हणाली. “माझ्या नावानं. नोकरीचं काय व्हायचं ते होऊ दे.”

“दे. पण आम्ही पाणी ओततो म्हणून छापून आलं, ते सगळ्यांनी वाचलं. चुकून छापलं होतं म्हणून येईल, ते कोण वाचणार आहे?” आपांनी एक ओला खडा वेचून बाजूला टाकला. “माझ्या एकटीच्या दारात येऊन तुझं भागलं असं समजू नकोस. या गल्लीत दारं काय थोडी आहेत?”

“माफ कराल, आपा?”

“ते आज विचारू नकोस. जा, पाळी संपेल.”

अश्लेषा बाहेर आली. पाय ओले, चपलांत पाणी. शेजारच्या घराचं दार बंद होतं. कुणाचं ते तिला आठवेना. तिनं मनातल्या मनात शब्द जुळवले: मी अश्लेषा बिडवे, तुमच्या गावावर ओतण्याचा आळ आला तो माझ्यामुळे. मग कडी वाजवली.

आतून पावलं आली नाहीत. कोण आहे, असंही कुणी विचारलं नाही. फक्त एका बाईचा घाईघाईचा आवाज आला,

“पाणी नाही आमच्याकडे!”

अश्लेषानं पुन्हा कडी वाजवली.